एकाच नावाचे चित्रपट आणि मालिका : सूचीत वेगळे कसे ठेवायचे?

गोदाकाठ

नाशिकमधल्या एका लहान वाचनालयाच्या चित्रपट विभागाची सूची नव्याने करायची आहे. साधारण सहाशे शीर्षकं आहेत. निम्म्या डीव्हीडी-व्हीसीडी, बाकीच्या हार्डडिस्कवरच्या फाइली. आतापर्यंत वहीत फक्त नाव आणि भाषा लिहिलेली आहे. त्यामुळे 'अंदाज' मागितला की कुठला निघेल सांगता येत नाही, 'श्यामची आई'चे दोन आहेत, 'रामायण' नावाच्या तीन पेट्या आहेत. संगणकावर जेलीफिन (फाइलींना पोस्टर आणि माहिती लावून देणारं सॉफ्टवेअर) टाकून पाहिलं, तर जुन्या 'धर्मात्मा'वर फिरोझ खानचं पोस्टर आलं.

प्रश्न असे :
१. नावापुढे काय जोडलं की गोंधळ कायमचा संपेल? वर्ष पुरेल का?
२. रीमेक, दुसऱ्या भाषेतली आवृत्ती आणि नुसतेच नावबंधू, यांच्या नोंदी कशा करायच्या?
३. मालिकांचं काय?
४. ३० एप्रिलला फाळके जयंतीनिमित्त 'हरिश्चंद्र' नावाभोवतीच्या चित्रपटांची छोटी मांडणी करायची आहे. त्यात काय चुकू शकतं?

रीळमोजणी

वर्षाने ऐंशी टक्के काम होतं. उरलेल्या वीस टक्क्यांत सगळी डोकेदुखी.

नाव आणि दिग्दर्शक पुरेसे वाटतात, पण बाबूराव पेंटरांचा 'सावकारी पाश' दोनदा आहे. १९२५चा मूकपट, १९३६चा बोलपट, दिग्दर्शक एकच. नाव, दिग्दर्शक आणि कलाकार म्हणाल, तर 'पिंजरा' आडवा येतो. शांतारामबापूंनी १९७२च्या मराठी 'पिंजरा'ची हिंदी आवृत्तीही त्याच नावाने काढली, आणि लागू-संध्या दोन्हीकडे आहेत. तेव्हा नाव, भाषा, वर्ष, दिग्दर्शक हे चार रकाने प्रत्येक नोंदीला हवेतच. शिवाय पाचवा रकाना 'नातं' म्हणून ठेवा. बहुतेक सूच्यांत तो नसतो आणि गाडी तिथेच अडते.

नात्याचे प्रकार मी असे लावीन.

नावबंधू : नाव सोडून काही संबंध नाही. हिंदी 'अंदाज' चार : १९४९ (मेहबूब खान), १९७१ (रमेश सिप्पी), १९९४ (डेव्हिड धवन), २००३ (राज कंवर). 'आँखें' चार : १९५०, १९६८, १९९३, २००२. 'दोस्ताना' १९८० आणि २००८. तुमचा 'धर्मात्मा' याच जातीचा. १९३५चा प्रभातचा, बालगंधर्व एकनाथांच्या भूमिकेत. मूळ नाव 'महात्मा' होतं, सेन्सॉरच्या हरकतीमुळे बदललं. १९७५च्या फिरोझ खानशी त्याचा काडीचा संबंध नाही.

पुनर्निर्मिती : 'डॉन' १९७८ आणि २००६, 'अग्निपथ' १९९० आणि २०१२, 'जंजीर' १९७३ आणि २०१३. इथे दोन्ही नोंदी एकमेकींना जोडा.

जुळी आवृत्ती : एकाच वेळी दोन भाषांत केलेला चित्रपट, आणि बहुतेक वेळा नावं वेगळी. 'कुंकू' आणि 'दुनिया ना माने' (१९३७), 'माणूस' आणि 'आदमी' (१९३९), 'शेजारी' आणि 'पडोसी' (१९४१). इथे उलटी चूक होते. नाव वेगळं म्हणून नोंदी एकमेकींपासून तुटतात, आणि 'आदमी' मात्र १९६८च्या दिलीपकुमारच्या 'आदमी'शेजारी जाऊन बसतो.

समान उगम : एकाच कादंबरीवरून किंवा पुराणकथेवरून स्वतंत्रपणे केलेले. 'देवदास' १९५५ आणि २००२. 'श्यामची आई' १९५३ (आचार्य अत्रे) आणि २०२३ (सुजय डहाके). याला रीमेक म्हणू नका, दोघांचा उगम साने गुरुजींचं पुस्तक. आणि दोन्ही कृष्णधवल आहेत, त्यामुळे 'रंगीत आहे म्हणजे नवा' हा ठोकताळा इथे चालत नाही.

नावावरून नातं ठरवू नका. 'हेरा फेरी' (२०००) हा १९७६च्या 'हेरा फेरी'चा रीमेक नाही. तो मल्याळम 'रामजी राव स्पीकिंग'वरून (१९८९) आला. 'डॉन २' हा २००६च्या 'डॉन'चा पुढचा भाग आहे, अमिताभच्या 'डॉन'चा नाही. पेटीवर हे कोणी लिहीत नाही.

नुक्ताचीनी

वरच्या यादीला हरकत नाही, पण फाइलींचा घोळ बऱ्याचदा स्पेलिंगचा असतो.

'अंदाज' आणि 'अंदाज़', 'वजीर' आणि 'वज़ीर'. वाचणाऱ्याला एकच, संगणकाला दोन. त्याहून वाईट म्हणजे नुक्त्याचा (अक्षराखालच्या टिंबाचा) 'ज़' युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकावरच्या अक्षरांच्या संकेतपद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक आख्खं अक्षर म्हणून, दुसरं ज आणि नुक्ता अशी दोन चिन्हं जोडून. पडद्यावर फरक दिसत नाही आणि शोधात एक सापडतं, दुसरं सापडत नाही. उपाय सोपा : मुख्य नावाच्या रकान्यात नुक्ता लिहायचाच नाही, मराठीत नाहीतरी तो लागत नाही. मूळ हिंदी लेखन 'इतर नावे' रकान्यात ठेवा. 'आँखें / आंखें / आखें' ही तिन्ही रूपंही तिथेच. वाचक कुठलंही टाइप करतो.

मग 'वजीर' दोन होतील : १९९४चा मराठी (विक्रम गोखले, अश्विनी भावे) आणि २०१६चा हिंदी. होऊ देत. त्यांना वर्ष आणि भाषा वेगळं करील, नुक्त्यावर ती जबाबदारी टाकू नका.

आकड्यांचंही तेच. 'झपाटलेला 2' आणि 'झपाटलेला २' क्रमवारीत लांब पडतात, कारण दोन्ही आकड्यांचे संकेतांक वेगळे. फाइलच्या नावात सरसकट इंग्रजी आकडे वापरा, छापील सूचीत देवनागरी. मिसळलं की संपलं.

आता जेलीफिन. फोल्डर आणि फाइल दोन्हींना एकच नाव द्या : नाव, एक जागा सोडून साध्या कंसात वर्ष. त्यापुढे चौकोनी कंसात टीएमडीबी किंवा आयएमडीबी या ऑनलाइन चित्रपटसूचींतला क्रमांक. प्लेक्स या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हाच क्रमांक महिरपी कंसात लागतो, म्हणून उद्या प्लेक्सवर जायचं असेल तर आत्ताच ठरवा. क्रमांक दिला की सॉफ्टवेअरला अंदाज बांधावा लागत नाही. तुमच्या 'धर्मात्मा'ला वर्ष नव्हतं, म्हणून त्याने जास्त प्रसिद्ध असलेला उचलला. फोल्डर बदलल्यावर नुसतं 'रिफ्रेश' केलं तर जुनी माहिती तशीच चिकटून राहते. त्या नोंदीवर 'आयडेंटिफाय' निवडून क्रमांक स्वतः टाका आणि जुनी चित्रं बदलण्याच्या खुणेवर टिक करा. ज्या जुन्या मराठी चित्रपटांची ऑनलाइन नोंदच नाही, त्यांच्या फोल्डरात एनएफओ फाइल (चित्रपटाची माहिती देणारी मजकुराची फाइल) हाताने लिहून ठेवा आणि ती नोंद कुलूपबंद करा, नाहीतर पुढच्या तपासणीत पुन्हा भलतंच पोस्टर येईल.

रीळमोजणी

हे उत्तम. वर्षाबद्दल एक राहिलं : कुठलं वर्ष? 'फँड्री' महोत्सवांत २०१३ला, चित्रपटगृहात फेब्रुवारी २०१४ला. 'कोर्ट' व्हेनिसला २०१४ला, इथे एप्रिल २०१५ला. 'किल्ला' बर्लिनला २०१४ला, इथे २०१५ला. आयएमडीबी सहसा पहिल्या जाहीर खेळाचं वर्ष धरतं, आपली वर्तमानपत्रं चित्रपटगृहातलं. दोन्ही बरोबर आहेत, पण सूचीत एकच नियम हवा. मी पहिल्या जाहीर खेळाचं धरीन आणि चित्रपटगृहातलं वर्ष टिपणात देईन. म्हणजे फाइलचं नाव आणि ऑनलाइन नोंद जुळते.

सूचीकार

वर्ष सेन्सॉर प्रमाणपत्रावरून घ्यायचं. चित्रपटाच्या आधी दिसतंच की. नाव, भाषा, लांबी, तारीख सगळं त्यात असतं. वाद कशाला?

रीळमोजणी

घ्या, पण डोळे उघडे ठेवून. घरगुती व्हिडिओसाठी वेगळं प्रमाणपत्र घेतलं जायचं. त्यामुळे साठ सालच्या चित्रपटाच्या डीव्हीडीवर २००४चं प्रमाणपत्र दिसू शकतं. डब केलेल्या आवृत्तीचंही प्रमाणपत्र वेगळं. तारीख नेहमी पडताळून घ्या.

लांबी मात्र फार उपयोगी. पेटीत भलतीच डिस्क असेल तर तिथे पकडता येते. ३५ मिमी फिल्म सेकंदाला २४ चौकटींनी मिनिटाला ९० फूट, म्हणजे सुमारे २७.४ मीटर धावते. प्रमाणपत्रावर ४,००० मीटर असेल तर चित्रपट साधारण १४६ मिनिटांचा. डिस्कवर १४० मिनिटं दिसली तर लगेच 'कापला' म्हणू नका. पॅल या टीव्ही-पद्धतीच्या डिस्कवर सेकंदाला २५ चौकटी धावतात, वेळ चार टक्के कमी होतो, आणि १४६चे बरोबर १४० होतात. आवाजही किंचित चढा लागतो. १२५ भरली तर मात्र गाणी कापली आहेत किंवा चित्रपटच दुसरा आहे. पहिली श्रेयनामावली उघडून बघा. पेटीवरच्या छायाचित्रावर विश्वास ठेवू नका, व्हीसीडीच्या काळात कव्हरवर मिळेल तो चेहरा छापला जायचा.

डेलीसोप

मालिकांसाठी नियम वेगळा. 'रामायण' म्हणजे रामानंद सागरांची १९८७ची (७८ भाग) की २००८ची, हे वर्षाने सुटतं. 'महाभारत'ही तसंच : बी. आर. चोप्रांची १९८८ची ९४ भागांची, २०१३ची २६७ भागांची, शिवाय १९६५चा चित्रपट. पेटीवर भागसंख्या मोजली तरी कुठली ते कळतं. मालिका आणि चित्रपट यांचे फोल्डर मात्र मुळातच वेगळे ठेवा. सॉफ्टवेअरच्या एकाच संग्रहात टाकले की सॉफ्टवेअर 'कुंकू' मालिकेच्या भागांना १९३७चा शांता आपटेंचा चेहरा लावतं.

रोजच्या मराठी मालिकांना सीझन नसतो. आठशे भाग एकाच सीझनमध्ये आणि क्रमांक मध्येच घसरतो, कारण रविवारचा महाएपिसोड कोणी एक भाग धरतं, कोणी दोन. त्यांना क्रमांकाऐवजी प्रसारणाची तारीख द्या : वर्ष-महिना-दिवस, याच क्रमाने. दिवस आधी लिहिलात तर सगळ्या महिन्यांच्या १ तारखा एकत्र गोळा होतात.

'अग्निहोत्र' (२००८) आणि 'अग्निहोत्र २' (२०१९) या दोन स्वतंत्र मालिका म्हणून नोंदवा, एका मालिकेचे दोन सीझन म्हणून नको. 'नटसम्राट'सारख्या ठिकाणी तिसरा फोल्डर लागेल. शिरवाडकरांच्या १९७०च्या नाटकाचं चित्रीकरण म्हणजे २०१६चा चित्रपट नव्हे. नाशकात तरी हे दोन मिसळू नयेत!

नियमावली

एक वेगळा मुद्दा, कारण तुम्ही जाहीर खेळही लावणार असं दिसतंय. नावावर कॉपीराइट नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली 'देसी बॉईज' प्रकरणात हे स्पष्ट केलं. निर्मात्यांच्या संस्थांकडे होणारी नावनोंदणी ही सभासदांमधली शिस्त आहे, म्हणूनच एवढे नावबंधू सुखाने नांदतात.

चित्रपटावर मात्र हक्क असतो. प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं. म्हणजे १९४९च्या 'अंदाज'चा २००९ अखेर संपला, १९७१च्या 'अंदाज'चा २०३१ अखेरपर्यंत आहे. वहीत नुसतं 'अंदाज' लिहून खेळ लावला तर कुठल्या बाजूला पडाल ते बघा. १९५३च्या 'श्यामची आई'चा चित्रपट म्हणून हक्क २०१३ अखेर संपला, २०२३चा चालू आहे. कथा, पटकथा, गीत यांचे हक्क वेगळे असतात, लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. अत्रे १९६९ साली गेले, तेव्हा त्यांच्या लेखनाचा २०२९ अखेरपर्यंत. सूचीत 'हक्क कधीपर्यंत' असा रकाना आत्ताच घाला. आणि घरगुती वापराची डीव्हीडी जाहीर खेळाला चालत नाही, परवानगी वेगळी घ्यावी लागते.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. रकाने ठरले. 'नातं' आणि 'हक्क कधीपर्यंत' हे दोन सुचलेच नव्हते. चौथा प्रश्न राहिला.

रीळमोजणी

हरिश्चंद्रांत सापळे बरेच आहेत, क्रमाने घ्या.

'राजा हरिश्चंद्र', फाळके, ३ मे १९१३ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये. लांबी ३,७०० फूट. इथे वरचा ९० फुटांचा हिशोब लावू नका. मूकपटाचा वेग ठरलेला नसे. सेकंदाला १६ चौकटी धरल्या तर तासाच्या थोडं वर जातो, २४ धरल्या तर ४१ मिनिटं. इंटरनेटवरच्या तुकड्यांत माणसं तुरुतुरु पळताना दिसतात ती यामुळेच. प्रक्षेपकावर वेग कमी करता आला तर करा.

फाळक्यांनीच १९१७ साली हा विषय पुन्हा चित्रित केला. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जी रिळं उरली आहेत, ती १९१३ची नसून या दुसऱ्या चित्रपटाची आहेत असं काही अभ्यासक मानतात. म्हणून चित्राखाली '१९१३' असं ठोकून लिहू नका. 'फाळके, राजा हरिश्चंद्र, उपलब्ध रिळं (१९१३ / १९१७)' असं लिहा. त्याच १९१७ साली कलकत्त्याच्या मादन यांच्याकडूनही 'सत्यवादी राजा हरिश्चंद्र' आला होता. तो फाळक्यांच्या खात्यात टाकू नका, ही चूक बऱ्याच ठिकाणी दिसते.

त्यानंतर १९३२चा प्रभातचा 'अयोध्येचा राजा'. नावात हरिश्चंद्र नाही, कथा त्याचीच. याची हिंदी जुळी 'अयोध्या का राजा'. शेवटी २००९चा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी'. इथे उलट, नावात हरिश्चंद्र आहे पण गोष्ट फाळक्यांची. पाटीवर नातं लिहिलंत तर 'हा का ठेवला?' असं कोणी विचारणार नाही.

मांडणीत 'लंकादहन' (१९१७) किंवा 'कालियामर्दन' (१९१९) घालायचा मोह होईल, नाशिकचा संबंध म्हणून. विषय 'हरिश्चंद्र' नावाचा असेल तर ते बाजूच्या टेबलावर ठेवा.

नुक्ताचीनी

आणि पाटीवर 'हरिश्चंद्र' एकाच पद्धतीने लिहा हो. 'हरिश्चन्द्र' असं लिहिलेल्या फाइली शोधात वेगळ्या पडतात. सूची बंद करण्याआधी दोन्ही लेखनं टाकून शोधून बघा. दोन्हींना सारख्याच नोंदी आल्या पाहिजेत.