काट्याचं वजन पायथनमध्ये घेताना अर्धे आकडे बिघडतात, केबल बदलू का?

तुर्भे_मसाला

नमस्कार मंडळी. आमचं तुर्भ्याला मसाला पॅकिंगचं छोटं युनिट आहे. एपीएमसीच्या मसाला मार्केटमधून मिरची-धणे येतात, गोणी प्लॅटफॉर्म काट्यावर चढते, माणूस वजन वहीत लिहितो आणि संध्याकाळी मी ते एक्सेलमध्ये भरते. घाईत लिहिलेला १ की ७ हे कळत नाही, लॉटचं वजन जुळत नाही आणि मग पार्टीशी वाद. म्हणून काट्याच्या इंडिकेटरमागचा नऊ पिनांचा पोर्ट लॅपटॉपला जोडून पायथनमध्ये प्रोग्रॅम लिहायला घेतला.

विंडोज १०, पायसीरियल (पायथनची पोर्ट वाचायची लायब्ररी), ऑनलाइन मागवलेली यूएसबी-सीरियल केबल, बॉड रेट (डेटाचा वेग) ९६००, बाकी सगळं जसं मुळात येतं तसंच. टीकिंटर या पायथनच्या लायब्ररीने बनवलेल्या खिडकीत ‘वजन घ्या’ असं बटण आहे. ते दाबलं की रीडलाइनवर, म्हणजे एक ओळ वाचायच्या कमांडवर, प्रोग्रॅम अडकतो आणि खिडकीवर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ येतं. टाइमआउट (वाट बघायची मर्यादा) १ सेकंद दिला की अडकत नाही, पण आकडे चमत्कारिक येतात. गोणी ३६.५० किलोची असेल तर आकडा अगदी बरोबर, फक्त शेवटी कचरा. ४१.२० ची असेल तर अधिकचं चिन्ह, शून्य आणि टिंब सोडून सगळाच कचरा.

काटेवाला येऊन त्याच्या लॅपटॉपवर त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं स्वच्छ दाखवून गेला. त्याचं म्हणणं केबल बदला. चांगल्यातली केबल घ्यावी का? घ्यायची तर कोणती? की प्रोग्रॅमचा नाद सोडून त्याचं सॉफ्टवेअर विकत घ्यावं?

घोडबंदर_कोडर

एफटीडीआय कंपनीच्या चिपची केबल घ्या, स्वस्त केबलींवर वेळ घालवू नका. आणि तुमच्या स्वतःच्या फाइलचं नाव ‘सीरियल’ ठेवलेलं नाही ना, ते बघा. तसं असेल तर पायथन लायब्ररीऐवजी तुमचीच फाइल उचलतो. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपनेसुद्धा ‘पायसीरियल’च बसवायचं, नुसतं ‘सीरियल’ नावाचं पॅकेज वेगळंच आहे. बॉड रेट चुकीचा असण्याचीही शक्यता वाटते.

ऐरोली_इन्स्ट्रुमेंट

ताई, इतक्यात खर्च करू नका. बॉड रेट चुकला असता तर ३६.५० एकदासुद्धा नीट दिसलं नसतं, सगळंच विस्कटलं असतं. तुमच्याकडे काही ठरावीक आकडे दर वेळी बरोबर आणि काही दर वेळी चूक येतायत. हा केबलचा खोडसाळपणा नाही, यात नियम आहे आणि तो सापडेल.

एक करा. डिकोड, म्हणजे बाइटची अक्षरं करणारी पायरी, काढून टाका. विशेषतः डिकोडमध्ये ‘इग्नोर’ लिहिलं असेल तर ते आधी काढा, कारण त्याने न पटलेले बाइट गुपचूप गाळले जातात आणि पुरावाच नाहीसा होतो. टाइमआउट १ सेकंद ठेवून रीडने ६४ बाइट घ्या आणि ते लिस्टमध्ये घालून प्रिंट करा. म्हणजे अक्षरांऐवजी ० ते २५५ मधल्या संख्या दिसतील. ३६.५० आणि ४१.२० या दोन्ही वजनांची एकेक पूर्ण ओळ इथे टाका. त्या वेळी काटेवाल्याचं सॉफ्टवेअर किंवा पुटीसारखं पोर्ट वाचणारं दुसरं काही उघडं नको, नाहीतर विंडोज ‘अॅक्सेस इज डिनाइड’ म्हणेल. एका वेळी एकच प्रोग्रॅम पोर्ट धरू शकतो.

तुर्भे_मसाला

हे घ्या. एकच साचा पुन्हा पुन्हा येतोय.

३६.५० ला: ४३, ४८, ५१, ५४, ४६, ५३, ४८, १६०, २३५, २३१, १४१

४१.२० ला: ४३, ४८, १८०, १७७, ४६, १७८, ४८, १६०, २३५, २३१, १४१

ऐरोली_इन्स्ट्रुमेंट

उत्तर तुमच्या या दोन ओळींतच आहे. ज्या संख्या १२८ च्या पुढे आहेत त्यांतून १२८ वजा करून बघा. १८० चे ५२ होतात, म्हणजे ‘४’ हा अंक. १७७ चे ४९, म्हणजे ‘१’. १७८ चे ५०, म्हणजे ‘२’. १६० चे ३२, ती मोकळी जागा. २३५ आणि २३१ म्हणजे किलोग्रॅमची दोन इंग्रजी अक्षरं. आणि शेवटचे १४१ म्हणजे १३, ओळ संपल्याची खूण, जिला कॅरेज रिटर्न म्हणतात.

तुमचा काटा सात डेटा बिट आणि इव्हन पॅरिटी (चूक पकडायला जोडलेला एक जादा बिट) अशा मांडणीत बोलतोय. पायसीरियल मुळात आठ बिट, पॅरिटी नाही, एक स्टॉप बिट असं ऐकतं. दोन्हीत एका अक्षराला स्टार्ट-स्टॉप धरून दहाच बिट लागतात, त्यामुळे लांबी तंतोतंत जुळते आणि कुठेही एरर येत नाही. फक्त आठव्या जागेवरचा पॅरिटी बिट तुमचा प्रोग्रॅम डेटा समजून वाचतो, आणि त्या जागेची किंमत १२८.

आता काहीच अंक का बिघडतात ते बघा. इव्हन पॅरिटीत एकूण १ ची संख्या सम व्हायला हवी. ‘०’ चा कोड ४८, बायनरीत ०११००००. दोन वेळा १, आधीच सम, म्हणून पॅरिटी बिट ० आणि अंक जसाच्या तसा. ‘१’ चा कोड ४९, बायनरीत ०११०००१. तीन वेळा १, विषम, म्हणून पॅरिटी बिट १ आणि तुम्हाला दिसतात १७७. असा हिशेब लावला की ०, ३, ५, ६, ९ शाबूत राहतात आणि १, २, ४, ७, ८ बिघडतात. ३६.५० मधले सगळे अंक शाबूत गटातले निघाले, म्हणून ती गोणी बरोबर दिसत होती.

काटेवाल्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ही सेटिंग आधीच बसवलेली असणार. तुम्ही पोर्ट उघडताना बाइटसाइज सात आणि पॅरिटी इव्हन द्या. स्टॉप बिट एकच राहू द्या. प्रत्येक बाइटमधून १२८ उडवूनही आकडे दिसतील, पण मग पॅरिटी तपासणीचा उपयोगच राहत नाही. सेटिंग दुरुस्त करणंच योग्य.

खिडकी अडकण्याचं कारणही यातच दिसतं. रीडलाइन थांबते ती १० या बाइटवर, म्हणजे लाइन फीडवर. तुमचा काटा १० पाठवतच नाही, फक्त १३ पाठवतो. टाइमआउट दिला नसेल तर पायसीरियल न येणाऱ्या बाइटची अनंत काळ वाट बघत बसतं. रीडलाइनऐवजी रीड_अन्टिल वापरा, त्याला कॅरेज रिटर्न द्या आणि टाइमआउट कायम ठेवा.

वाशी_तोलाई

ताई, एक सांगून ठेवतो. काट्याची सेटिंग बदलायच्या भानगडीत पडू नका, प्रोग्रॅम बदला. काही इंडिकेटरमध्ये पॅरिटीचा मेनू कॅलिब्रेशनच्या बटणामागे असतो आणि ते बटण सीलबंद असतं. वैध मापन शास्त्र खात्याच्या मुद्रांकनाचं सील तुटलं तर परवानाधारक दुरुस्तीवाला बोलवा, फेरपडताळणी करून घ्या, हे सगळं मागे लागतं. तोवर त्या काट्यावर व्यवहार करता येत नाही. मागच्या पोर्टला वायर लावायला काहीच हरकत नाही.

तुर्भे_मसाला

आले! सगळे आकडे स्वच्छ आले. ऐरोलीकर दादा, मनापासून आभार. तोलाई काका, सीलला कुणी हात लावणार नाही.

आता नवीन अडचण. काट्यावर गोणी ठेवून बटण दाबलं तर कधी कधी आधीच्या गोणीचं वजन येतं. एकदा तर ४१.२० च्या जागी १.२० आलं आणि प्रोग्रॅमने ते मुकाट्याने सेव्ह केलं. ही मात्र धास्ती घेण्यासारखी गोष्ट आहे, कचरा निदान डोळ्याला दिसत तरी होता.

कळवा_लोकल

मध्येच विचारतो, माफ करा. माझ्याकडे वेगळं मशीन आहे आणि काहीच येत नाही, रिकामा बाइट. कुठून सुरुवात करू?

रबाळे_पॅनेल

कळवाकर, मशीन बाजूला ठेवा. आधी कन्व्हर्टरच्या पिन २ आणि ३ एका छोट्या तारेने जोडा. पायसीरियलसोबत मिनिटर्म हा छोटा प्रोग्रॅम येतो, तो चालवून काहीही टाइप करा. टाइप केलेलं परत दिसलं तर लॅपटॉप, ड्रायव्हर, कन्व्हर्टर सगळं ठीक.

मग मल्टीमीटर डीसी व्होल्टवर ठेवून मशीनच्या पोर्टवर पिन ५ च्या तुलनेत पिन २ आणि ३ मोजा. मशीन गप्प असताना ज्या पिनवर उणे ५ ते उणे १२ च्या आसपास व्होल्ट दिसतील ती तिची पाठवायची पिन. ती कन्व्हर्टरच्या पिन २ ला यायला हवी. येत नसेल तर क्रॉस केबल लागेल. उणे काहीच न दिसता ३.३ किंवा ५ व्होल्ट दिसले तर ते आरएस-२३२ (अशा नऊ पिनांच्या पोर्टची नेहमीची पद्धत) नाही, टीटीएल (कमी व्होल्टची पद्धत) आहे. मग ही केबल लावू नका, टीटीएलचा वेगळा कन्व्हर्टर घ्या. आरएस-२३२ च्या व्होल्टेजने टीटीएलची पिन जळू शकते.

ऐरोली_इन्स्ट्रुमेंट

ताई, तुमचा काटा सारखा वजन पाठवत असतो. ९६०० वर सेकंदाला ९६० अक्षरं, म्हणजे तुमची ११ अक्षरांची ओळ सुमारे १२ मिलिसेकंदांत येऊन जाते. तुम्ही बटण दाबेपर्यंत या ओळी विंडोजच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साचतात, आणि आधी आलेली आधी बाहेर पडते. टाकीच्या तळाला नळ लावल्यासारखं आहे, ताजं पाणी वर आणि तुम्हाला मिळतं ते जुनं.

सोपा उपाय असा की बटण दाबताक्षणी रीसेट_इनपुट_बफर करा, पहिली ओळ टाकून द्या आणि दुसरी घ्या. पहिली टाकायची कारण बफर रिकामा केला तेव्हा काटा ओळीच्या मध्यावर असू शकतो. ४१.२० चं १.२० तसंच झालं असणार. मागचा अर्धा तुकडा आला आणि तो दिसायला अगदी खऱ्या वजनासारखा होता. म्हणून प्रत्येक ओळ तपासून घ्या. ११ बाइट पूर्ण आहेत का, पहिला बाइट अधिक किंवा उण्याचं चिन्ह आहे का, शेवटचा १३ आहे का. टाइमआउट झाला तर रीड_अन्टिल अर्धवट ओळसुद्धा परत देतं, त्यामुळे शेवटच्या १३ ची तपासणी सोडू नका. यातलं एक जरी चुकलं तरी ओळ फेकून द्या. पुढची लगेच येतेच आहे.

पक्का उपाय करायचा तर वाचन वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे खिडकीसोबत समांतर चालणाऱ्या भागात, न्या. तो थ्रेड अखंड वाचत राहील आणि तपासलेलं वजन क्यूमध्ये (रांगेत) टाकेल. टीकिंटरच्या लेबलला त्या थ्रेडमधून हात लावू नका. मुख्य खिडकीने ‘आफ्टर’ वापरून दर १०० मिलिसेकंदांनी क्यू रिकामी करून शेवटचं वजन दाखवावं. मग खिडकी कधीच गोठणार नाही आणि काट्यावरचा आकडा लॅपटॉपवर जिवंत हलताना दिसेल. तुमच्या माणसांचा विश्वास त्यानेच बसेल.

आणखी दोन गोष्टी, कारण इथे माणसांच्या पैशाचा प्रश्न आहे. काही काटे ओळीच्या सुरुवातीला वजन स्थिर आहे की हलतंय ते पाठवतात, तुमचा तसं काही पाठवत नाही. तेव्हा लागोपाठ पाच-सहा ओळी सारख्या आल्याशिवाय ‘सेव्ह’ चालूच होऊ देऊ नका. आणि एकदा सेव्ह झालं की काटा शून्याजवळ परतल्याशिवाय पुढची नोंद घेऊ नका. म्हणजे एकच गोणी दोनदा चढणार नाही.

घोडबंदर_कोडर

हे वाचून माझंही मत बदललं, इथे केबलचा संबंध नव्हता. तरी पुढेमागे घ्याल तेव्हा एफटीडीआयचीच बघा म्हणेन. अशा बहुतेक केबलींना स्वतःचा सीरियल नंबर असतो. सीएच३४० या चिपवाल्या केबलींना बहुधा नसतो, त्यामुळे यूएसबीचं भोक बदललं की विंडोज पोर्टला नवीन कॉम नंबर देतं. प्रोग्रॅममध्ये कॉम नंबर पक्का लिहून ठेवण्यापेक्षा पायसीरियलच्या लिस्ट_पोर्ट्सने सगळे पोर्ट तपासा आणि त्या सीरियल नंबरवरून आपली केबल ओळखा. ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडला गेलात तर मिळेल, पण तिथे नकली चिपही खपवतात, बिल घ्या. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद करा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीनंतर पोर्ट गायब झालेला असू शकतो.

तुर्भे_मसाला

थ्रेड, तपासणी आणि शून्यावर परतण्याची अट, तिन्ही घातलं. आज दिवसभर वही आणि प्रोग्रॅम दोन्ही चालवले. फरक निघाला तिथे दर वेळी वही चुकलेली होती. तोलणाऱ्या दादांनी स्वतः दोन्ही ताडून पाहिलं. काटेवाल्याचं सॉफ्टवेअर घेत नाही आता.

शेवटचा सल्ला हवाय. दुसरा काटा गाडी लागते तिथे आहे, ऑफिसपासून वायर साधारण ३० मीटर पडेल आणि वाटेत मिरची दळायची मोटर आहे. हीच केबल लांबवून चालेल का?

रबाळे_पॅनेल

नका लांबवू. आरएस-२३२ चा साधारण हिशेब १५ मीटरचा. ९६०० वर कधी कधी त्याहून लांब चालतं, पण मोटर सुरू-बंद होताना आकडे तुटतील. आरएस-२३२ ते आरएस-४८५ (लांब अंतराची पद्धत) असे दोन कन्व्हर्टर घ्या, एक काट्यापाशी, एक लॅपटॉपपाशी, शक्यतो आयसोलेशनवाले, म्हणजे दोन्ही बाजू विजेने वेगळ्या ठेवणारे. ४८५ कमी वेगाला १२०० मीटरपर्यंत जातं. मध्ये पीळ दिलेली शील्डेड जोडतार ओढा, मोटरच्या केबलपासून लांब, वेगळ्या पाइपमधून. दोन्ही कन्व्हर्टर सात बिट-इव्हन पॅरिटी तसंच पुढे पाठवतात ना, हे दुकानदाराला आधी विचारा. सेटिंगचे स्विच असलेल्या कन्व्हर्टरमध्ये ते स्विचही बघावे लागतात.

ऑफिसात लॅनची वायर आधीच त्या बाजूला गेली असेल तर सीरियल-टू-इथरनेट डबी लावा. पायसीरियलमध्ये सीरियल_फॉर_यूआरएलला सॉकेटचा पत्ता दिला की बाकी प्रोग्रॅम जवळजवळ तसाच चालतो. फक्त पॅरिटी मग त्या डबीच्या पानावर बसवायची, पायथनमधली सेटिंग तिथे लागू होत नाही.

४८५ घेतलंत तर ए आणि बी या डेटाच्या तारांसोबत ग्राउंडची तिसरी तारही ओढा. डेटा आलाच नाही तर ए-बी अदलाबदल करून बघा, त्याने काही जळत नाही.