हेडीस म्हणजे ग्रीकांचा सैतान होता का?

कातळफूल:
परवा मुलासोबत ग्रीक देवांचं एक कार्टून बघत होते, त्यात मेलेल्यांच्या राज्याचा देव हेडीस एकदम व्हिलन दाखवलाय. मुलगा म्हणाला आई हा राक्षस आहे का, आणि मला नीट सांगताच येईना. ग्रीक लोक खरंच त्याला वाईट मानायचे का? आणि मेल्यावर सगळेच त्याच्याकडे जायचे की फक्त पापी?

पिंपळपान:
सैतान अजिबात नाही. झ्यूस, पोसायडन, हेडीस सख्खे भाऊ, चिठ्ठ्या टाकून वाटणी झाली, झ्यूसला आकाश, पोसायडनला समुद्र आणि याच्या वाट्याला पाताळ, असं होमरच्या इलियड या महाकाव्यातच आहे. आणि मेल्यावर जवळपास सगळेच तिकडे जायचे, शिक्षा सिसिफस, टँटालस अशा मोजक्यांनाच, बाकीचे नुसत्या सावल्या. त्याच्याच ओडिसीच्या ११व्या सर्गात अकिलीस, म्हणजे एवढा मोठा वीर, म्हणतो की मेलेल्यांचा राजा होण्यापेक्षा गरीब शेतकऱ्याकडे मजुरी केलेली बरी. मला ते वाचून फार लागलं होतं.

माळरान:
मुलाला आपला यम सांगा, पटकन कळेल. फक्त हेडीस स्वतः न्यायला येत नाही, आत्म्यांना देवांचा दूत हर्मीस घेऊन जातो आणि पुढे पाताळाच्या नदीवर कॅरॉन नावाड्याची नाव, तिच्या भाड्यासाठी मेलेल्याच्या तोंडात नाणं ठेवायचे, थडग्यांमध्ये अशी नाणी सापडलीत. बाकी भीती होतीच, नाव घ्यायचं टाळायचे, प्लुटॉन म्हणजे धनवान म्हणायचे, कारण धान्य आणि धातू जमिनीखालूनच येतात. गावाकडे रात्री सापाला जनावर म्हणतात ना, तसंच.

ओवी२२:
सैतान नसेल, पण धान्यदेवी डिमिटरच्या लेकीला, पर्सेफोनीला, त्याने पळवून नेलं ते का सोडताय? बापाने, झ्यूसनेच, आईला न विचारता परस्पर होकार दिलेला! डिमिटर नऊ दिवस अन्नपाण्याविना मशाली घेऊन लेकीला शोधत फिरली, नंतर तिने पिकंच उगवू दिली नाहीत तेव्हा कुठे देव वठणीवर आले. तरी तिथलं डाळिंब खाल्लं म्हणून वर्षाचा तिसरा हिस्सा खालीच. अथेन्सपासून साधारण २० किमीवर एल्युसिसला या मायलेकींचे गुप्त विधी व्हायचे, बायका, गुलाम सगळ्यांना दीक्षा मिळायची, फक्त ग्रीक कळायला हवं आणि हातून खून झालेला नको. आतलं बाहेर सांगितलं तर मृत्युदंड. अकिलीसला जी भीती होती ना, ती घेऊनच लोक तिथे जायचे, दीक्षा घेतली की मेल्यावर बरं होईल या आशेने.

कातळफूल:
खूप आभार सगळ्यांचे, आज रात्री आधी चिठ्ठ्यांचीच गोष्ट सांगते. डाळिंबाचे दाणे किती होते पण? तो विचारणारच.

ओवी२२:
डिमिटरच्या जुन्या ग्रीक स्तोत्रात एकच दाणा आहे, रोमन कवी ऑव्हिडने त्याचे सात केले. एकच सांगा.