मदत हवी आहे: आमच्या उन्हात कोणता प्रोसेसर अन् कूलर टिकंल?

राम राम मंडळी, दारव्ह्याजवळच्या खेड्यात राहतो, गेमिंगसाठी घरीच पीसी जोडून राह्यलो. एएमडीच्या रायझन ५ ७६०० अन् ७६००एक्स या दोन प्रोसेसरात अडकलो भाऊ. ७६०० ६५ वॉटचा, डब्यातच कूलर (प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा) येते, एक्स १०५ वॉटचा अन् कूलर वेगळा घ्या लागते, कोर दोघाईत ६च. पण आमची खोली टिनाची, मे महिन्यात पारा ४५ च्या घरात, अन् कापसाची धूळ हीटसिंकच्या (कूलरमधल्या उष्णता ओढणाऱ्या धातूच्या) पात्यांत अशी गच्च बसते का ब्रशनं पण निघत नाही. पाण्यावालं एआयओ (पंपानं पाणी फिरवून प्रोसेसर थंड करणारं कूलर) घ्यावं तं पंप गेल्यावर इथं कोण पाहीन? म्हणून १२० मिमी फॅनचा टॉवर एअर कूलर (उभ्या हीटसिंकचा, हवेवर चालणारा) डोक्यात आहे. ७६०० चा डब्यातला कूलर उन्हाळा काढन, का टॉवर लावाच? विदर्भात वापरलेल्यानंच सांगा, यूट्यूबवाले एसीत बसून टेस्ट करतेत.