म्हातारपणी वावरात राबणं म्हणजे टॉनिक?

धुऱ्यावरचा: काल ग्रुपवर नागपूरच्या कोण्या साहेबाची पोस्ट फिरत होती. सार असं की, विदर्भाच्या खेड्यात सत्तरीची आजी अजून कापूस वेचते, तिला ना जिम लागत ना गोळ्या, कष्ट हेच तिचं टॉनिक. खाली कमरेला कापसाची ओटी बांधलेल्या बाईचा फोटो. तिला विचारून काढला का, देव जाणे.

माझी माय 68 ची. ती वेचणीला जाते कारण ऐन हंगामात मजूर भेटत नाही. दिवसभर वाकलेली, अन् ओटी भरत जाते तशी कंबर ओढत जाते. संध्याकाळी धुऱ्यावर टेकली की उठताना आधी दोन्ही हात जमिनीला, मग एक गुडघा, मग माझ्या नावानं एक शिवी, तेव्हा कुठं उभी होते. गोळ्या लागत नाहीत म्हणे! तिच्या पदराच्या गाठीत दुखण्याची गोळी कायम बांधलेली असते. साहेबानं नोव्हेंबरात यावं, ओटी मी देतो.

वखरवाला: भाऊ, राग खरा हाय तुमचा. पण आमच्या घरची उलटी कहाणी आयका. बाबाले 72 व्या वर्षी आमी भावायनं वावरात जाणं बंद केलं. आराम करा म्हटलं. टीव्ही घेऊन देला, कूलर देला. सहा महिन्यात वखर हाणणारा माणूस बाजेवरून अंगणात याले भिंत धरू लागला. दोन पावसाळे नाही काढले त्यानं. बुढ्याले बसवू नका, एवढंच सांगतो.

धुऱ्यावरचा: बसवा असं मी कुठं म्हटलं?

वर्ध्याची फिजिओ: वखरवाले दादा, तुमचे बाबा आरामानं खचले, हे पटतं. बाजेवर पडून राहिलं की या वयात पायातली ताकद भराभर जाते. पण वेचणीला व्यायाम म्हणू नका, हात जोडते. दिवसभर एकच हालचाल, तीही वाकून. जागतिक आरोग्य संघटना 65 वरच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं चालण्यासारखी हालचाल सांगते, अन् त्याशिवाय तीन दिवस ताकदीचा आणि तोल सांभाळायचा व्यायाम. लोक चालण्यावरच थांबतात. खुर्चीवरून हात न टेकता दहादा उठा-बसा, ओट्याला धरून एका पायावर उभं राहा. फुकटचं आहे. अन् जेवणाचं कोणी बोलतच नाही! तूर पिकवणाऱ्या घरात म्हाताऱ्याच्या ताटात वरणाचं नुसतं पाणी. डाळ खाली बसते, ती पोरांना.

पांदणरस्ता: ताई, वर्ध्याला तुमच्याकडे यावं कसं? ऑगस्ट 2022 पासून 75 वरच्यांना एसटी फुकट. आमच्या काकाच्या आधारवर 1 जानेवारी 1953. अर्धं गावच 1 जानेवारीला जन्मलं! गांधीजी गेले तेव्हा मी रांगत होतो म्हणते बुढा. करा हिशेब.

सडेतोड: मग दुरुस्त करून घ्या ना. 65 ते 75 ला अर्धं तिकीट आहेच. सगळं फुकटच पाहिजे का?

पांदणरस्ता: दुरुस्तीला कागद लागतो. शाळेचा उंबरठा नाही पाहिला त्यानं, दाखला काय तुम्ही देता? दोनदा जाऊन आला, दोन रोज बुडाले.

वखरवाला: फुकट असो का अर्धं, गाडी तं आली पायजे! आमच्या फाट्यावर सकाळी एक येते, ते बी शाळेच्या पोरायनं भरलेली. बुढा दांड्याले लटकते. तोल सांभाळायचा व्यायाम तोच समजा, ताई.

सडेतोड: दोष सरकारला द्यायचा अन् आपण बुढ्याला दवाखान्यात न्यायचं नाही. मोटरसायकल कोणाच्या दारात नाही आज?

पांदणरस्ता: 78 च्या माणसाला पांदणीच्या चिखलातून मोटरसायकलवर नेऊन पाहा एकदा, मग या शहाणपण शिकवायला.

धुऱ्यावरचा: विषय माझ्या मायच्या गुडघ्याचा होता. तुम्ही सगळे एसटीत बसून निघून गेले.

वर्ध्याची फिजिओ: चिखलावरून आठवलं. घरात कोणी एकदा पडलं असेल तर आधी डोळे दाखवा. मोतीबिंदू पिकत असतो अन् शिव्या गुडघ्याला. खुब्याचं हाड मोडलं की मग अनेकांची बाज सुटत नाही.

सिव्हिल लाइन्स: ती पोस्ट माझी. "साहेब" वगैरे म्हणायची गरज नव्हती. माझी आजी नव्वदीपर्यंत वावरात होती, त्या आठवणीतून लिहिलं.

धुऱ्यावरचा: आजीचं वावर स्वतःचं होतं का? दमली की निंबाखाली बसायची मुभा होती का?

सिव्हिल लाइन्स: होती. गडी होते.

धुऱ्यावरचा: मग झालं.

सिव्हिल लाइन्स: बरं, "टॉनिक" शब्द काढतो. फोटोही काढतो. समाधान?

वखरवाला: धुऱ्यावरच्या भाऊ, खुर्चीवरून उठा-बसा मायनं करून पायल्या का?

धुऱ्यावरचा: चार केल्या. पाचवीला म्हणाली, "काऊन बे, कामं संपले का घरातले?" फोटो दाखवला तर बाईकडे पाहिलंच नाही. म्हणते, एवढा कापूस फुटला अन् एकटीच वेचून राहिली? बाकीच्या कुठं गेल्या?