"सापडला की गोळी घाला, खटले कशाला?" हे मला पटलं नाही

गिरणाकाठ (भडगाव): काल एकाने लिहिलं की काँगोतल्या टोळ्यांच्या म्होरक्यांना कोर्टात उभं करणं म्हणजे पैशाची नासाडी, सापडला की गोळी घाला. रात्रभर डोक्यातून गेलं नाही म्हणून लिहितोय. माझा मोठा भाऊ 2010 ला युएनच्या शांतिसेनेच्या ड्युटीवर काँगोच्या उत्तर किवू प्रांतात होता. त्या ऑगस्टमध्ये किरुंबाच्या तळावर रात्री टोळी कोयते-भाले घेऊन घुसली आणि आपले तीन जवान गेले. भाऊ आजही रात्रीची लाईट असली तर मक्याला पाणी भरायला एकटा जात नाही. तो म्हणतो, हुकूम कोणी दिला हे कोणीतरी भर कोर्टात विचारायला पाहिजे होतं. हत्यारं कुठून आली, तिथल्याच वालीकाले भागातल्या खाणीतलं कथील कोण विकत घेतं, हे मेलेला माणूस कसं सांगेल?

केळीवाला रावेर: काल लिहिणारा मीच. भो, भाऊचं वाईट वाटलं, पण हिशोब बघ ना. काँगोतला टोळीप्रमुख लुबांगा 2006 ला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी कोर्टात नेला, निकाल 2012 ला, शिक्षा 14 वर्षं, 2020 ला बाहेर. तीपण फक्त पोरांच्या हातात बंदुका दिल्याबद्दल. 2007 ला सुदानच्या दारफूरमध्ये हस्कनिताच्या तळावर 12 शांतिसैनिक मारले, त्यात एका आरोपीवर खटलाच उभा राहिला नाही आणि दुसऱ्यावर वॉरंट निघून तो हातीच लागला नाही. याला न्याय म्हणायचं?

गिरणाकाठ: हेग म्हणजेच सगळं कोर्ट नाही दादा. शेका नावाचा वालीकालेचा म्होरक्या 2017 ला शरण आला आणि 2020 ला उत्तर किवूच्या गोमा शहरातल्याच लष्करी कोर्टाने त्याला जन्मठेप दिली. बायांनी समोर येऊन साक्षी दिल्या.

सातपुड्याची लेक: त्या बाया कोण होत्या तेपण सांगा ना. वालीकालेतलं लुवुंगी आणि आसपासची गावं, 2010, शेकाच्या टोळीने आणि तिच्या साथीदारांनी चार दिवसांत तीनशेहून जास्त जणांवर लैंगिक अत्याचार केले. आणि आपल्या जवानांचा तळ तिथून साधारण 30 किलोमीटरवर होता. तुम्ही सगळे फक्त वर्दीवाल्यांसाठी रडताय.

केळीवाला रावेर: ताई, आपल्या जवानांवर बोट दाखवताना जरा विचार करा. घरात बसून लिहिणं सोपं असतं.

सातपुड्याची लेक: विचार करूनच लिहिलंय. आमची कारवाई कमी पडली हे युएनचे अधिकारी अतुल खरे यांनीच सुरक्षा परिषदेत कबूल केलं आणि ते आपलेच आहेत. अन घरात बसून नाही लिहीत मी, आमच्या पाड्यावरच्या पोरीच्या केसला तीन वर्षं तिच्यासोबत एसटीने कोर्टात गेलीय. दोन साक्षीदार धमकी आल्यावर फिरले, केस तिथेच संपली. त्या बाया गोमाच्या कोर्टात, समोर त्यांच्याच भागातली टोळी असताना उभ्या राहिल्या, हे किती मोठं आहे ते मला कळतं.

पारोळ्याचा बीएसएफवाला: माझी 24 वर्षं सर्व्हिस. 2022 ला काँगोतल्याच बुटेंबोत आपल्या बीएसएफचे दोन जवान गेले. युएनविरोधात चिडलेला जमाव आला, त्यातल्या काहींनी पोलिसांच्या बंदुका हिसकावून गोळ्या घातल्या. तिथं कोणता म्होरक्या पकडणार? आणि खटल्याचं सोडा, आपल्या जवानांना काय मिळतं ते बोला. 1 जानेवारी 2004 नंतर भरती झालेल्या आमच्या पोरांना जुनी पेन्शन नाही. 2023 ला दिल्ली हायकोर्टाने द्या म्हटलं, सुप्रीम कोर्टात स्थगिती आली.

केळीवाला रावेर: हे मात्र शंभर टक्के खरं. आर्मीवाला आणि बीएसएफवाला एकाच युएनच्या निळ्या टोपीत ड्युटी करतो, मग पेन्शन वेगळी कशी?

कापूसवाला धरणगाव: माझा साला सीआरपीएफला आहे, तोपण हेच म्हणतो. गावात बॅनरवर शहीद लिहितात पण सरकारी कागदावर तो शब्दच नसतो.

पारोळ्याचा बीएसएफवाला: तेच तर. वर्षभर दिल्लीला चकरा मारल्या, आम्हनं कोन आयकस?

सातपुड्याची लेक: काका, पेन्शनला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण त्याचा वेगळा धागा काढा, लुवुंगी पुन्हा मागे पडलं बघा.

गिरणाकाठ: ताईंचं बरोबर आहे, मीपण सुरुवात फक्त भावापासूनच केली. काका, जमावावरही खटला चालतो, गोळी कोणी झाडली ते शोधावं लागतं. 2021 ला सुरक्षा परिषदेत भारतानेच ठराव 2589 आणला, शांतिसैनिकांना मारणाऱ्यांवर कारवाई व्हावी म्हणून.

केळीवाला रावेर: ठराव आणला पण हेगच्या कोर्टाचा सदस्य भारत आजही नाही, तेपण लिही. ठीक आहे, गोमाचं मला माहीत नव्हतं, तेवढं मान्य करतो. पण किरुंबाच्या तिघांसाठी कोणाला जन्मठेप झाली ते सांग, मग मी माझी पोस्ट काढतो.

गिरणाकाठ: भाऊपण मला तेच विचारतो.