अनुभव धागा: शहराचं आरोग्य, गल्लीतली माणसं आणि एकत्र केलेलं काम

मुंबईच्या सायन रुग्णालयात १९८९ साली मातृदूध पेढी (आयांनी दान केलेलं दूध गरजू बाळांसाठी साठवणारी) सुरू झाली, आशियातली पहिली. ती उभी करणाऱ्या नवजात शिशुतज्ज्ञ डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी पुढे १९९९ मध्ये 'स्नेहा' ही संस्था काढली. बाळ रुग्णालयात पोचेपर्यंत बराच उशीर झालेला असतो, खरं काम त्याआधी, वस्तीत व्हायला हवं, असं त्यांना दिसत होतं. मुंबईत असं काम आज अनेक जण करतात: पालिकेचं आरोग्य केंद्र, आशा आणि आरोग्य सेविका, खासगी डॉक्टर, महिला मंडळं, मशिदी, गणेश मंडळं. एकट्यानं कुणाचंच भागत नाही. पण प्रत्यक्षात हे जुळतं कसं, ते लिहून ठेवलेलं फार कमी सापडतं. कार्यक्रमाचं उद्घाटन छापून येतं. कोणत्या गल्लीत कुणी शब्द टाकल्यावर दार उघडलं, ते ती माणसं बदलली की कुणालाच आठवत नाही.

म्हणून हा धागा. काय जमलं, काय मोडलं, पैसा कुठून आला, कुणामुळे अडलं ते लिहा. मुंबईबाहेरचे अनुभवही हवेत. संस्थेची जाहिरात मात्र नको.

धारावीतला डॉक्टर

वडिलांच्या काळापासून आमचा दवाखाना इथे आहे. १ एप्रिल २०२० ला धारावीत करोनाचा पहिला रुग्ण सापडला. जेमतेम अडीच चौरस किलोमीटरचा पट्टा, त्यात आठ-दहा लाख माणसं. एका खोलीत आठ जण, आणि बहुतेकांना सार्वजनिक शौचालयाशिवाय पर्याय नाही. 'घरीच वेगळे राहा' हा सल्ला इथे निरुपयोगी होता.

पालिकेच्या जी उत्तर विभागानं (धारावी त्यातच येते) आम्हा खासगी डॉक्टरांना बोलावलं. सुरुवातीला आम्ही पालिकेच्या पथकांबरोबर घरोघरी फिरलो. एप्रिलचं ऊन, वरून पत्रे तापलेले आणि अंगात तो प्लास्टिकचा पोशाख. फार वेळ टिकणं शक्य नव्हतं. मग तापाची शिबिरं लावली. पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो वेगळाच निर्णय: बंद पडलेले खासगी दवाखाने पुन्हा उघडणं. पालिकेनं निर्जंतुकीकरण करून दिलं, मास्क-किट दिले. आम्ही संशयित रुग्ण त्यांना कळवायचे, असं ठरलं. माणूस ताप आला की आधी आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे येतो, सरकारी तंबूत नाही. तो दार बंद बघून परत गेला असता, तर चार दिवस घरात झोपला असता.

विलगीकरणाला लोक घाबरत होते. शाळेत, क्रीडा संकुलात नेतात, पुढे काय करतात कुणास ठाऊक, अशी चर्चा होती. पहिले काही जण धडधाकट परत आले, जेवण वेळेवर मिळतं म्हणाले, रमजानमध्ये सहरी-इफ्तारची सोय झाली, तेव्हा विरोध ओसरला. हे सगळं पटवून देणारी माणसं वस्तीतलीच होती. ऑक्सिमीटर हातात घेऊन तीच आत जात होती, कारण कोणत्या माळ्यावर म्हातारं माणूस एकटं आहे हे त्यांनाच ठाऊक होतं.

१० जुलैला जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी धारावीचा उल्लेख केला आणि सगळीकडे कौतुक झालं. ते योग्यच होतं. तरी दोन गोष्टी नोंदवतो. पुष्कळ कामगार गावी निघून गेले होते, त्यामुळे गर्दी कमी झाली होती. आणि त्याच जुलैच्या सर्वेक्षणात मुंबईतल्या तीन विभागांच्या झोपडपट्ट्यांत सुमारे ५७ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडं (अँटीबॉडी, म्हणजे संसर्ग होऊन गेल्याची खूण) सापडली. ते विभाग धारावीचे नव्हेत, पण संसर्ग आपल्याला दिसला त्याहून कितीतरी जास्त पसरला होता एवढं त्यातून कळतं. सगळं श्रेय आमच्या कामाला देणं प्रामाणिकपणाचं होणार नाही. मृत्यू कमी राहिले, त्यात मात्र लवकर शोधण्याचा वाटा नक्की होता.

गोवंडीची आरोग्य सेविका

डॉक्टरसाहेबांनी बरोबर लिहिलं, दार कोण उघडतं यावर सगळं असतं. मी पालिकेच्या एम पूर्व विभागात, गोवंडीच्या बाजूला काम करते. २०२२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये आमच्याकडे गोवर आला. लेकरं दगावली. त्या दिवसांत रात्री झोप लागत नव्हती.

बाहेरचे लोक म्हणायचे, इथले लोक लसीला विरोध करतात. सरसकट तसं नव्हतं. करोनाच्या काळात माणसं उत्तर प्रदेश-बिहारला गावी गेली, परत आली ती दुसऱ्या गल्लीत भाड्यानं राहायला लागली. माझ्या रजिस्टरमध्ये पोराचं नाव आहे, पण पोर सापडत नाही. कार्ड गावी राहिलेलं. लसीकरणाचं सत्र सकाळी, आणि आई तेव्हा जरीच्या कामावर किंवा कचरा निवडायला. लसीनंतर पोराला ताप आला की दुसऱ्या दिवशीचा रोज बुडणार. या बाईला 'अडाणी' म्हणून काय मिळतं?

काही घरांत मात्र भीती होतीच. दाणे उठले की देवीचं म्हणून औषध द्यायचं नाही, किंवा सुईनं पुढे मूल होणार नाही असं कुणीतरी मोबाईलवर दाखवलेलं. तिथे माझं काही चालत नव्हतं. मग पालिकेचे वैद्यकीय अधिकारी मौलवींना जाऊन भेटले. मशिदीच्या भोंग्यावरून घोषणा झाल्या, मदरशात जागा मिळाली. आमच्या भागातले एक मौलवी नुसती घोषणा करून थांबले नाहीत, त्यांनी स्वतःच्या नातवाला रांगेत पहिलं उभं केलं. त्या दुपारी जी गर्दी झाली तशी मी आधी पाहिली नव्हती.

एरवी गोवराच्या लसीचे ९ महिन्यांला पहिला आणि १६ ते २४ महिन्यांत दुसरा असे दोन डोस असतात. साथीच्या भागात ९ महिने ते ५ वर्षांच्या मुलांना एक जादा डोस द्यायचा ठरला, आधी घेतला असला तरी. 'एकदा झालंय ना, मग परत का?' हा प्रश्न दारोदार. मी सांगायचे, गोवर इतका पसरतो की शंभरातल्या पंच्याण्णव पोरांना संरक्षण असलं तरच तो अडतो. आजारी पोराला जीवनसत्त्व 'अ'चे डोस लागोपाठ दोन दिवस द्यायचे असतात, म्हणून दुसऱ्या दिवशी परत जायचं. दुसऱ्या दिवशी घराला कुलूप असलं तर शेजारणीला विचारायचं. संध्याकाळची सत्रं सुरू झाली, त्यानं सगळ्यात जास्त फरक पडला. ती मागणी आमच्या बायकांनीच लावून धरली होती.

एक मनापासून लिहिते. भागीदारी म्हणतात, पण त्यातला सगळ्यात स्वस्त भागीदार आम्ही आहोत. आम्हाला पगार नाही, मानधन मिळतं. किमान वेतनासाठी आमच्या संघटना किती वर्षं भांडत आहेत. साथ आली की आम्ही 'योद्ध्या', साथ गेली की 'स्वयंसेविका'. हे बदललं पाहिजे.

लेकीनं लिहिलेलं, पुणे

आईला लिहिता येत नाही, तिनं सांगितलेलं मी टाईप करते आहे. ती कोथरूडच्या बाजूला कचरा वेचते. कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ला स्थापन झाली, त्या सुरुवातीच्या बायकांपैकी ती. आता 'स्वच्छ'मध्ये आहे, म्हणजे २००८ पासून वेचकांच्या सहकारी संस्थेचा पालिकेशी करार आहे आणि त्या घरोघरी जाऊन कचरा घेतात.

आई म्हणते, आरोग्य म्हणजे आमच्यासाठी हात. ओल्या-सुक्यात मिसळलेले वापरलेले पॅड, डायपर, इंजेक्शनच्या सुया. हातमोजे घालून वर्गीकरण नीट होत नाही, म्हणून बायका ते काढतात. सुई टोचली की पट्टी बांधून काम चालू. पंचायतीच्या बायकांनी २०१३ मध्ये वापरलेले पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडेच पाठवून दिले होते. पुढे 'लाल ठिपका' आला: पॅड कागदात गुंडाळायचा आणि वर लाल खूण करायची, म्हणजे वेचणारीला उघडून बघावं लागत नाही.

आईच्या रस्त्यावरच्या एका सोसायटीत हे सुरू करायला फार वेळ गेला. पत्रकं वाटून काही झालं नाही. मग तिथल्या एक निवृत्त शिक्षिका आईला घेऊन प्रत्येक मजल्यावर गेल्या, आणि आईनं स्वतःचे हात दाखवून बोलायचं. पुरुष दार उघडायचे तेव्हा ती जास्तच स्पष्ट बोलायची. आज त्या इमारतीतून जवळपास सगळे पॅड खुणेसह येतात. शेजारच्या इमारतीतून येत नाहीत, कारण तिथे अशा बाई नाहीत.

आईचं आणखी एक म्हणणं, ते तिच्याच शब्दांत: "आमची तपासणी शिबिरं दुपारी ठेवा. सकाळी आम्ही गल्लीत असतो."

शिवडीच्या टीबी रुग्णालयातून परत आलेली

मला औषधांना दाद न देणारा टीबी झाला होता. कॉलेजचं शेवटचं वर्ष. नाव-गाव लिहीत नाही, घरचे अजून कुणाला सांगत नाहीत. टीबी झालेल्या मुलीचं लग्न जमत नाही असं आमच्याकडे मानतात.

गोळ्या सरकारकडून मोफत मिळाल्या. टीबी रुग्णांच्या आहारासाठी असलेल्या सरकारी निक्षय पोषण योजनेचे महिन्याला ५०० रुपये खात्यात यायचे (२०१८ ला योजना सुरू झाली तेव्हापासून तेवढेच होते, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले). नि-क्षय मित्र म्हणून (टीबी रुग्णाला मदत करणाऱ्यांना सरकार असं म्हणतं) आमच्या गल्लीजवळच्या गणेश मंडळानं शिधा दिला: डाळ, शेंगदाणे, तेल, गहू. मंडळाच्या मुलांचे उपकार मी विसरणार नाही.

पण मळमळ इतकी व्हायची की गव्हाच्या पिशवीकडे नुसतं बघत बसायचे. आई धुण्याभांड्याला सकाळी सहाला बाहेर. पीठ दळून आणणार कोण, भाकरी करणार कोण? हे उपचार साहाय्यक ताईंच्या लक्षात आलं. त्यांनी चाळीतल्या तीन बायकांशी बोलून ठरवलं की शिधा त्यांच्याकडे जाईल आणि आळीपाळीनं माझं ताट येईल. आजाराचं नाव सांगितलं नव्हतं, 'अशक्तपणा आहे' एवढंच. त्या बायकांना कळलं नसेल असं मला वाटत नाही. कुणी कधी विचारलं नाही.

झारखंडमध्ये झालेल्या आणि २०२३ ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की रुग्णाच्या घरच्यांना पोषक शिधा दिला तर त्यांना टीबी होण्याचं प्रमाण सुमारे चाळीस टक्क्यांनी कमी होतं. म्हणून माझी मंडळांना विनंती आहे की शिधा देताना अख्ख्या घराचा विचार करा, आणि तो शिजणार कसा हेही विचारा. फोटो काढू नका.

पालिकेच्या कीटकनाशक खात्यात होतो

निवृत्त झालो. थोडक्यात लिहितो. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडाभरात नवा डास तयार होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस: पिंपं, टाक्या, कुंड्यांखालच्या ताटल्या सगळं रिकामं करून घासायचं. माझ्या विभागात टॉवर आणि झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत होती. टॉवरवाल्यांची तक्रार कायम वस्तीबद्दल. तपासणीत अळ्या दोन्हीकडे मिळायच्या: वस्तीत पिंपात आणि छपरावरच्या ताडपत्रीत, टॉवरमध्ये शोभेच्या झाडांखाली आणि बंद फ्लॅटमध्ये. बंद फ्लॅट ही मोठी अडचण, आत जाणार कसं?

तोडगा घरकाम करणाऱ्या बायकांमुळे निघाला. त्या दोन्हीकडे वावरतात. आम्ही त्यांना अळी ओळखायला शिकवलं, बाटलीत घालून दाखवली. सोसायटीच्या समितीनं ठराव केला की त्यांनी सांगितलेल्या घराची त्याच दिवशी तपासणी होईल. आणि वस्तीतल्या पिंपांना झाकणं सोसायटीनं घेऊन दिली. पाणी रोज आलं असतं तर पिंपं लागलीच नसती, हे मात्र तिथल्या बायका आम्हाला दर वेळी ऐकवायच्या. डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं वस्त्यांच्या पाण्यासाठी झगडणाऱ्या पाणी हक्क समितीच्या याचिकेवर सांगितलं की घर अनधिकृत असलं तरी पाणी नाकारता येणार नाही. तरी जोडणीसाठी हेलपाटे अजून आहेत.

वेगळा अनुभव

सगळं छान चाललंय असं वाटू नये म्हणून लिहिते. आमच्या वस्तीत एक संस्था आली होती. मुलांची वजनं, वाढीचे तक्ते, कुपोषित मुलांच्या घरी आठवड्याला भेट. काम उत्तम होतं. अनुदान संपलं आणि टॅब, वजनकाटे, सगळी माहिती घेऊन ते गेले. आमच्याच मुलांच्या नोंदी आमच्याकडे उरल्या नाहीत. अंगणवाडीच्या ताईंनी वहीत नव्यानं लिहायला घेतलं. संस्थांनी येतानाच सांगावं की जाताना काय मागे ठेवणार. नोंदींची एक प्रत आरोग्य केंद्रात आणि एक अंगणवाडीत, एवढं तरी बंधनकारक करा.

नागपूरकर

आमच्याकडे यातलं काहीच नाही. सुरुवात कुठून करायची? आम्ही पाच-सहा जणी आहोत, पैसा नाही.

गोवंडीची आरोग्य सेविका

ताई, नागरी आरोग्य अभियान २०१३ पासून आहे, त्यात ५० ते १०० घरांमागे महिला आरोग्य समितीची तरतूद आहे. वर्षाला ५,००० रुपये निधी समितीच्या खात्यात येतो. तुमच्या नागरी आरोग्य केंद्रात जा, वैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा की आपल्या वस्तीची समिती कागदावर आहे का आणि सदस्य कोण. पुष्कळदा ती असते, पण बायकांनाच माहीत नसतं. नसेल तर तुमच्या आशाताईला बरोबर घेऊन नावं द्या. तिच्याकडे हजार ते अडीच हजार लोकसंख्या असते, तुम्ही गेलात तर तिलाही हवंच आहे. पहिल्या बैठकीत एकच काम ठरवा. आम्ही लसीकरण सत्राची वेळ धरली होती. तुमच्याकडे गटार असेल, पाणी असेल. अर्ज दोन प्रतींत द्या आणि एकीवर शिक्का मारून घ्या. अडलं तर इथेच लिहा, आमच्या अर्जाचा मसुदा टाकते.