१९६२ चं आयक्लर घर घेतलंय, बाग आणि डागडुजी यात आधी काय करू?

ओसरी

नमस्कार मंडळी. आम्ही कॅलिफोर्नियात सनीव्हेलमध्ये १९६२ चं आयक्लर घर घेतलंय, किल्ल्या हातात आल्यात आणि आता डोक्याचा भुगा झालाय. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, जोसेफ आयक्लर म्हणून एक बिल्डर होते, त्यांनी १९४९ पासून पुढे कॅलिफोर्नियात, जास्त करून बे एरियात, अकरा हजारांच्या आसपास घरं बांधली, त्यातलंच हे एक. जवळजवळ सपाट छप्पर, आत उघडे बीम, रस्त्यावरून बघितलं तर नुसती लाकडी भिंत आणि गॅरेज, पण मागच्या बाजूला जमिनीपासून छपरापर्यंत काच, आणि पुढचं दार उघडलं की घरात शिरायच्या आधी उघडं ॲट्रियम, आपल्या वाड्यातल्या चौकासारखं. खरं तर त्या ॲट्रियमसाठीच घेतलं घर.

आता अडचणी. पुढचं लॉन वाळून गेलंय, त्याच्या कडेची जुनिपरची झुडपं इतकी माजलीत की दार कुठाय ते कळत नाही. मागच्या पॅटिओचं (उघड्या अंगणाचं) काँक्रीट तडकलंय आणि माझ्या अंदाजाने उतार घराकडेच आहे. आधीच्या मालकांनी बाहेरच्या भिंतीला लागून विटांचे उंच वाफे करून त्यात गुलाब लावलेत, आणि ॲट्रियममध्ये मूळच्या काँक्रीटवर लाल फरशी चढवलीय. एक लँडस्केपवाला बघून गेला, त्याचं म्हणणं सगळं उपटा, आर्टिफिशियल टर्फ (प्लास्टिकचं गवत) टाका, काळा दगड पसरा, आडव्या फळ्यांचं कुंपण ठोका, झालं मॉडर्न. आत सगळीकडे गडद मॅहॉगनीचं पॅनेलिंग आहे, घरातल्यांचं मत पडलंय की ते पांढरं रंगवून टाकू, मला मात्र जिवावर येतंय.

सगळं एकदम करायला पैसे नाहीत. सुरुवात कुठून करायची? बाग आधी का घर आधी?

पागोळी

अभिनंदन! आणि एवढ्यात नर्सरीत अजिबात जाऊ नका.

या घरांना खाली पोकळी नाही, तळघर नाही, जमिनीवर थेट काँक्रीटचा स्लॅब आणि त्यावर घर, त्यामुळे आतली फरशी आणि बाहेरची माती यांच्यात फरकच फार थोडा असतो. साठ वर्षांत कोणी ना कोणी माती टाकतं, मल्च (मातीवर पसरायचा लाकडाचा भुसा) टाकतं, आणि बाहेरची पातळी हळूहळू वर सरकते. लाकडी साइडिंगचं (बाहेरच्या भिंतीवरच्या फळ्यांचं) खालचं टोक मातीपासून निदान ६ इंच वर पाहिजे. तुमचे ते गुलाबाचे वाफे भिंतीला चिकटून आहेत म्हणजे रोज पाणी घालून लाकूड कुजवायची आणि वाळवीला आडोशाने वर चढायची सोय करून ठेवलीय कोणीतरी. वाफे पहिले काढा. गुलाब हवे असतील तर दुसरीकडे लावा, पण भिंत मोकळी करा आणि मागे काय निघतंय ते बघा. साइडिंगची खालची पट्टी मऊ लागली तर ते काम बागेच्या आधी, कारण ओळीने झाडं लावून झाल्यावर तिथे सुताराला उभं राहायला जागा नसते.

मग उतार. घरापासून पहिल्या १० फुटांत मातीला ६ इंच उतार हवा आणि काँक्रीट असेल तर फुटाला पाव इंच तरी, अर्थात घरापासून लांब जाणारा. पॅटिओचा उतार खरंच काचेकडे असेल तर तडे बुजवून काही होणार नाही, ते तोडून नव्याने ओतावं लागेल, नाहीतर निदान काचेलगत जाळीचा लांब ड्रेन घालावा लागेल. नवीन ओतणार असाल तर ओतायच्या आधी खालून दोन-तीन रिकामे पीव्हीसी पाइप आडवे टाकून ठेवा, पुढे ड्रिपची लाइन किंवा दिव्याची वायर न्यायची झाली की काँक्रीट फोडावं लागत नाही. हे फुकटात पडतं आणि नव्वद टक्के लोक विसरतात (नव्वद माझ्या मनाचे).

ॲट्रियमच्या मध्ये कुठेतरी ड्रेन असेल, त्याचा पाइप स्लॅबखालून बाहेर जातो. पाऊस यायची वाट बघू नका, होज लावून पाणी सोडा, बाहेर कुठे निघतंय ते शोधा आणि किती वेगाने निघतंय तेही बघा. तुंबत असेल तर पाइपात कॅमेरा घालून बघायला सांगा. त्यातून वर फरशी चढवलीय म्हणजे सरकत्या दाराच्या उंबऱ्याची उंची तेवढी कमी झाली, एका जोराच्या पावसात ड्रेन तुंबला तर पाणी सरळ बैठकीत.

अजून एक. स्लॅबमध्ये गरम पाण्याचे पाइप आहेत, फ्लोअर हीटिंगचे. कोणालाही, अगदी कोणालाही, आतल्या फरशीत ड्रिल मारू देऊ नका. प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या, चालू असेल तर नशीबवान आहात.

रानजाई

पागोळींना +१, पाणी आधीच. मी फक्त बागेबद्दल लिहिते कारण तो लँडस्केपवाल्याचा सल्ला वाचून राहवलं नाही.

आर्टिफिशियल टर्फ नको. उन्हात ते पायाला चटका बसेल इतकं तापतं हे एक, पण तुमच्याकडे खास धोका आहे. मागची काच पुढेमागे डबल पेन लो-ई (उष्णता परत फेकणारा पातळ थर दिलेली दुहेरी काच) करणार असाल तर त्या काचेवरून परावर्तित होणारं ऊन एका पट्ट्यात एकवटतं आणि त्याने टर्फ अक्षरशः वितळतं. म्हणजे घर सुधारायचं आणि बाग जळायची.

ही घरं बांधली गेली त्याच काळात कॅलिफोर्नियात थॉमस चर्च, गॅरेट एक्बो असे लँडस्केप आर्किटेक्ट काम करत होते. चर्चने १९४८ मध्ये सोनोमात डोनेल कुटुंबासाठी केलेल्या बागेचे फोटो नक्की बघा, तो वाकडातिकडा राजमा आकाराचा पोहण्याचा तलाव तिथलाच. पण तलाव सोडा, बघायचं हे की त्यांनी बाग म्हणजे घरापुढची सजावट असं धरलंच नाही, ती राहायची जागा धरली, खोलीसारखी. तुमच्याकडे तर मधे काचच आहे, त्यामुळे सोफ्यावर बसून जे दिसतं तीच तुमची भिंत. म्हणून कागदावर प्लॅन काढायच्या आधी आत प्रत्येक खोलीत बसून बघा काय दिसतंय, शेजाऱ्याची कचऱ्याची पेटी दिसतेय का कुंपण का आभाळ, आणि झाड कुठे पाहिजे ते आतून ठरवा.

पॅटिओ नव्याने ओतणारच असाल तर काँक्रीटचे जोड बीमच्या रेषेत घ्या. आत छपराला जे बीम दिसतात ते काचेच्या वरून तसेच बाहेर आलेले असतात, त्यांच्याच सरळ रेषेत जमिनीवर जोड पडले की आत-बाहेर एक वाटतं, आणि याला जादा खर्च जवळजवळ शून्य. जुन्या घरांत बऱ्याच ठिकाणी खडे उघडे ठेवलेलं काँक्रीट आणि मधे रेडवूड लाकडाच्या पट्ट्या असायच्या. तुमच्या लाल फरशीखाली तेच निघण्याची बरीच शक्यता आहे, एक कोपरा उचकटून बघा.

झाडं. प्रकार कमी, संख्या जास्त. नर्सरीत गेलं की प्रत्येकातलं एक उचलावंसं वाटतं आणि घरी येऊन फळविक्याच्या गाडीसारखी बाग होते. पुढच्या भागात डिअर ग्रास या गवताचा एकच मोठा पट्टा, एखादं मँझनिटाचं झुडूप (फांद्यांची लालसर साल त्या लाकडी भिंतीसमोर काय दिसते!), कडेला लोमँड्रा (गवतासारखी लांब पानं असलेलं झाड), बस. अगेव्ह छान दिसतात, पण वाटेच्या बाजूला लावू नका, काटे डोळ्याच्या उंचीला येतात लहान मुलांच्या. आणि जुनिपर सगळे काढू नका हो! त्यातला सगळ्यात वेडावाकडा एक ठेवा, खालच्या फांद्या साफ करून बुंधा मोकळा करा, साठ वर्षांचं झाड पैसे देऊन मिळत नाही. फक्त भिंतीपासून लांब असलेला निवडा.

पश्चिमेला काच असेल तर तिथे पानगळीचं झाड लावा, उन्हाळ्यात सावली आणि हिवाळ्यात ऊन आत. चायनीज पिस्ताश चांगलं, कीथ डेव्ही नावाची नर जात घ्या म्हणजे फळांचा सडा पडत नाही. रेडवूड घराजवळ नको, सपाट छपरावर सुया साचून ड्रेन बुजतात. पसरणारा बांबू तर नर्सरीवाल्याने फुकट दिला तरी आणू नका.

ॲट्रियममध्ये जपानी मेपल सगळेच लावतात आणि शोभतोही, पण तिथे दुपारचं ऊन काचेवर आपटून दोन्हीकडून येतं, पानं करपतात. आधी मोठ्या कुंडीत ठेवा, उन्हाळाभर जागा बदलून बघा, मग ठरवा.

रोखठोक

सगळे इतके हळवे का होतात या घरांबद्दल कळत नाही. घर राहायला आहे, म्युझियम नाही. रंगवायचं तर रंगवा की पांढरं, उजेड वाढेल. आणि बागेवर एवढा खर्च, उद्या विकायची वेळ आली तर वसूल होणार का?

तुळई

रोखठोक, विकायचाच विचार केला तरी उलटं आहे. आयक्लर शोधत येणारा माणूस तेच पॅनेलिंग आणि तेच बीम शोधत येतो. लाकूड रंगवणं एका शनिवारचं काम आहे, पण रंग परत काढणं जवळजवळ अशक्य, कारण वरचा पापुद्रा अगदी पातळ असतो, सँडर फिरवला की खालचा प्लाय दिसायला लागतो. ओसरी, आधी ते नुसतं पुसून काढा, साठ वर्षांचा स्वयंपाकाचा धूर आणि फर्निचर पॉलिश त्यावर बसलेलं असतं, अर्धा काळेपणा तोच असतो. मग दिवे बदला. छताचं लाकूड आधीच कोणी पांढरं केलेलं असेल तर तसंच राहू द्या, तेवढा उजेड पुरतो.

घरात पैसा घालायचाच तर छपरात. माळा नसल्यामुळे इन्सुलेशन घालायला वरूनच जागा आहे, छतावर फोम मारून घेतात लोक, उन्हाळ्यात फरक लगेच कळतो, फक्त त्यावरचं कोटिंग ठरावीक वर्षांनी परत करावं लागतं. छपराचं काम बागेच्या आधी करा, नाहीतर कामगार तुमच्या नवीन गवतावर शिड्या लावणार. काच बदलताना ती टफन्ड (फुटली तर बोथट बारीक तुकडे होणारी) असेल याची खात्री करा, जमिनीपर्यंतच्या काचेला ती लागतेच, मूळची साधी काच फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे पडतात. इलेक्ट्रिकचं पॅनल अजून मूळचंच असेल तर तेही दाखवून घ्या, त्या काळच्या काही पॅनलचे ब्रेकर वेळेवर पडत नाहीत.

आणि कार्पेटखाली ९ इंची चौकोनी फरश्या निघाल्या तर हात लावू नका, आधी ॲस्बेस्टॉसची टेस्ट. १९७८ च्या आधीचं घर म्हणजे रंगात शिसंही असू शकतं, घासायच्या आधी तेही तपासा. पुढची बाजू बदलायची असेल, कुंपण वगैरे, तर सनीव्हेल शहराची आयक्लर घरांसाठी वेगळी डिझाइन गाइडलाइन आहे २००९ ची, ती वाचा. आडव्या फळ्यांचं कुंपण आजकाल सगळीकडे मॉडर्न म्हणून चालतं, पण या घरांच्या साइडिंगच्या खाचा बहुतेक उभ्या असतात, दोन्ही शेजारी आले की डोळ्यांना खटकतं. माझं मत, पटलं तर घ्या.

रोखठोक

पापुद्र्याचा मुद्दा मान्य. बाकी लॉन काढून दगडच टाका असं मला अजूनही वाटतं, देखभाल शून्य.

रानजाई

शून्य नाही हो, दगडात पानं अडकतात, त्याची माती होते आणि त्यात तण उगवतं, आणि दगडातून पान वेचण्यासारखं कंटाळवाणं काम नाही. लाकडाचं मल्च ३-४ इंच टाका, कुजलं तरी मातीच सुधारते. फक्त साइडिंगपासून लांब ठेवा, पागोळींचे ६ इंच मोजून.

ओसरी

खूप खूप धन्यवाद सगळ्यांना! होज लावून बघितलं, ॲट्रियमचं पाणी पुढे रस्त्याच्या कडेला निघतंय पण फारच रडतखडत, तेव्हा कॅमेरावाल्याला बोलावलंय. फरशीचा कोपरा उचकटला, खाली खरंच खड्यांचं काँक्रीट आहे, रेडवूडची पट्टी मात्र कुजलीय. पॅनेलिंगची एक फळी दिवाणखान्याच्या कोपऱ्यात पुसून दाखवली, रंगवायचा विषय घरात सध्या तरी बंद झालाय. वाफे फोडायला माणूस सांगितलाय, आणि तो येणारच आहे तर त्याच्याकडूनच शनिवारी पुढचं वाळकं लॉनही काढून घेते, म्हणजे एक काम उरकलं.

पागोळी

थांबा थांबा, लॉनला हात लावू नका! वाफे खुशाल फोडा. तुमच्या सांता क्लारा काउंटीत व्हॅली वॉटर या पाणीपुरवठा संस्थेची, लॉन काढून कमी पाण्याची झाडं लावायला रिबेट (खर्चातली परत) आहे, पण अर्ज आणि मंजुरी आधी, काम नंतर. मंजुरीच्या आधी काढलेल्या लॉनवर दमडी मिळत नाही. आत्ताच्या आत्ता सगळ्या बाजूंनी फोटो काढून ठेवा, सोमवारी अर्ज टाका, आणि माणूस लॉनसाठी परत बोलवा.

तोवर पट्टी कुजलीय म्हणताय तिथे स्क्रू-ड्रायव्हर खुपसून बघा, ॲट्रियमच्या कडेच्या पोस्टचा (लाकडी खांबाचा) पाया त्याच पातळीला असतो. पोस्ट मऊ लागला तर कॅमेरावाल्याच्या आधी सुतार.